विजेवरील मोटारसायकल : जाहीर किंमत आणि हाती पडणारी किंमत

दुचाकी वाहन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतावर खत-बियाणे नेणारा शेतकरी, दूरच्या वाडीवरील शाळेत रोज जाणारा शिक्षक, पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन संकलन केंद्र गाठणारा गवळी, गोव्यात उतारू पोचवून प्रपंच चालविणारा मोटारसायकल पायलट, या सर्वांचा दिनक्रम दुचाकीच्या आधारावर उभा आहे. पेट्रोलचा दर लिटरमागे शंभर रुपयांच्या आसपास गेल्यापासून विजेवर चालणाऱ्या दुचाकीकडे साहजिकच लोकांचे लक्ष वळले. स्कूटर या प्रकारात अशी वाहने आता गावोगावी दिसू लागली आहेत. मात्र खाचखळग्यांच्या रस्त्यावर, मागे माणूस अथवा बोजा घेऊन जाण्यास सोयीची अशी मोटारसायकल विजेवर केव्हा मिळणार व किती रुपयांस मिळणार, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात आहे.

या प्रश्नाची उत्तरे वृत्तपत्रांतून रोज प्रसिद्ध होत असतात. अमुक कंपनीचे नवे मॉडेल पाऊण लाखात येणार, तमुक कंपनीची गाडी एकदा चार्ज केल्यावर पाचशे किलोमीटर धावणार, अशी वृत्ते वाचून अनेकजण जुनी गाडी विकावी की ठेवावी, आज खरेदी करावी की वर्षभर थांबावे, या विवंचनेत पडतात. एखाद्या कुटुंबाची दोन हंगामांची शिल्लक या निर्णयात गुंतलेली असते. यास्तव अशा भाकितांचा अर्थ कसा लावावा, किंमत कशाकशाने ठरते आणि ती पुढे कोणत्या दिशेने जाण्याचा संभव असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणादाखल ज्या कंपन्यांची नावे येतील, ती केवळ विषय स्पष्ट व्हावा म्हणून. त्यांची शिफारस किंवा निंदा करण्याचा येथे हेतू नाही.

एका मॉडेलाची वाटचाल

बंगळूर येथे मुख्यालय असलेल्या ओला इलेक्ट्रिक या कंपनीचा कारखाना तामिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात आहे. स्कूटरच्या व्यवसायात स्थिरावल्यानंतर या कंपनीने १५ ऑगस्ट २०२३ रोजी मोटारसायकलींचे चार नमुने लोकांसमोर मांडले. त्या वेळी किंमत सांगितलेली नव्हती. बरोबर एक वर्षाने, १५ ऑगस्ट २०२४ रोजी, ‘रोडस्टर’ या नावाने तीन श्रेणी जाहीर झाल्या : रोडस्टर एक्स, रोडस्टर आणि रोडस्टर प्रो. त्यांतील सर्वांत स्वस्त, म्हणजे अडीच किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटरीची गाडी ७४,९९९ रुपयांस, तर सर्वांत महाग, सोळा किलोवॅट-तास बॅटरीची गाडी २,४९,९९९ रुपयांस मिळेल, असे सांगण्यात आले.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी रोडस्टर एक्स व एक्स प्लस यांची विक्री जाहीर झाली. अडीच किलोवॅट-तासांच्या गाडीची किंमत पुन्हा ७४,९९९ रुपयेच सांगण्यात आली. परंतु ही प्रास्ताविक किंमत होती. अल्प मुदतीनंतर ती पंधरा हजारांनी वाढणार होती. गाड्या मार्चच्या मध्यापासून ग्राहकांस मिळतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात पहिली गाडी कारखान्यातून एप्रिलमध्ये बाहेर पडली आणि ग्राहकांच्या हाती गाड्या पडू लागल्या त्या मे महिन्याच्या उत्तरार्धात. त्या वेळी जाहीर झालेली किंमत ९९,९९९ रुपये होती. प्रारंभीच्या काही ग्राहकांना थोड्याफार सवलती देण्यात आल्या.

नमुना प्रथम दिसल्यापासून वाहन मिळेपर्यंत एकवीस महिने लोटले, आणि प्रथम सांगितलेली किंमत व अखेरची किंमत यांत पंचवीस हजारांचे, म्हणजे एकतृतीयांशाचे अंतर पडले. ही गोष्ट एकट्या या कंपनीपुरती मर्यादित नाही. पुण्याच्या टॉर्क मोटर्सने टी-सिक्स-एक्स ही मोटारसायकल २०१६ साली लोकांसमोर आणली. तिचे सुधारलेले रूप ‘क्रॅटोस’ या नावाने विक्रीस आले ते २६ जानेवारी २०२२ रोजी. मधली पाच वर्षे बॅटरी, मोटार व नियंत्रक यांची जुळणी, चाचण्या आणि भांडवल यांत गेली. नवे यंत्र घडविण्यास काळ लागतोच, त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. ग्राहकाने मात्र हा काळ आपल्या हिशेबात धरला पाहिजे.

जुन्या पिढीतील वाचकांना स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे तो काळ आठवत असेल. तेव्हा किंमत ठरलेली असे, माल अपुरा असे. आज उलट प्रकार आहे. माल तयार होण्याच्या कितीतरी आधी किंमत जाहीर होते, आणि ती किंमत म्हणजे कंपनीचा एक अंदाज असतो.

किंमत कशाने ठरते?

पेट्रोलच्या गाडीत इंजिन हा सर्वांत मोलाचा भाग होय. विजेच्या गाडीत ते स्थान बॅटरीचे आहे. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तास या परिमाणात मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातील एक युनिट. अडीच किलोवॅट-तासांच्या बॅटरीत अडीच युनिट वीज मावते, असे समजण्यास हरकत नाही.

या क्षमतेचा दर जगभर घसरत आला आहे. ब्लूमबर्ग एनईएफ या अभ्याससंस्थेच्या पाहणीप्रमाणे लिथियम-आयन बॅटरीची सरासरी किंमत २०१० साली किलोवॅट-तासास हजार डॉलरहून अधिक होती. २०२३ साली ती १३९ डॉलर आणि २०२४ साली ११५ डॉलर झाली. त्या वेळच्या विनिमय दराने ११५ डॉलर म्हणजे साधारणपणे साडेनऊ हजार ते दहा हजार रुपये होतात. ही सर्व प्रकारच्या वाहनांची सरासरी आहे. दुचाकीच्या लहान बॅटरीचा दर त्याहून थोडा चढाच असतो.

आता हा आकडा हाती घेऊन वरील किंमतपत्रक पाहू. ऑगस्ट २०२४ मध्ये रोडस्टर एक्सची अडीच युनिटांची गाडी ७४,९९९ रुपयांस आणि साडेतीन युनिटांची गाडी ८४,९९९ रुपयांस सांगितली होती. दोहोंत मुख्य फरक एका युनिटाच्या बॅटरीचा, आणि किमतीतला फरक दहा हजारांचा. म्हणजे कंपनीने वाढीव बॅटरीचा भाव जवळजवळ जागतिक सरासरीइतकाच लावला होता. या हिशेबाने अडीच युनिटांच्या बॅटरीचे पंचवीस हजार वजा केले, तर मोटार, नियंत्रक, चार्जर, सांगाडा, चाके, ब्रेक, जोडणी, वाहतूक, विक्रेत्याचा हिस्सा, हमीची तरतूद, कर आणि नफा या सर्वांसाठी पन्नास हजार उरतात. एवढ्या रकमेत हे सर्व बसविणे किती कठीण आहे, हे दुचाकीचे सुटे भाग विकणारा कोणताही दुकानदार सांगू शकेल. पुढे किंमत एक लाखापर्यंत चढली यात म्हणूनच नवल वाटण्यासारखे काही नाही.

हीच कसोटी त्याच दिवशी जाहीर झालेल्या रोडस्टर प्रो या गाडीस लावून पाहू. आठ युनिटांची गाडी १,९९,९९९ रुपयांस व सोळा युनिटांची २,४९,९९९ रुपयांस सांगितली गेली. म्हणजे वाढीव आठ युनिटांसाठी पन्नास हजार, एका युनिटास सव्वासहा हजार. स्वस्त गाडीत ज्या युनिटास दहा हजार लावले, त्याच युनिटास महाग गाडीत सव्वासहा हजार लावले आहेत. बॅटरीचे घट पुढे स्वतःच्या कारखान्यात, पुष्कळ कमी खर्चात तयार होतील, असे गृहीत धरल्याशिवाय असे किंमतपत्रक जुळत नाही. ते गृहीत खरे ठरेल तेव्हा किंमत खरी ठरेल. याउलट, मे २०२५ मध्ये एक्स प्लस गाडीच्या साडेचार युनिटांच्या आवृत्तीची किंमत १,२९,९९९ व ९.१ युनिटांच्या आवृत्तीची १,९९,९९९ रुपये जाहीर झाली. वाढीव ४.६ युनिटांस सत्तर हजार, म्हणजे युनिटास सुमारे पंधरा हजार. मोठ्या बॅटरीचा खरा भाव कोठे बसतो, याची कल्पना त्यावरून येते.

वाचकांनी हा ठोकताळा लक्षात ठेवावा. कोणत्याही येऊ घातलेल्या मॉडेलाच्या दोन आवृत्त्यांच्या किमतींतील फरकास बॅटरीच्या युनिटांतील फरकाने भागावे. उत्तर दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान आले, तर किंमत वास्तवाला धरून आहे. ते त्याहून फारच कमी आले, तर ती किंमत भविष्यातील स्वस्ताईवर विसंबून सांगितली आहे, असे समजावे.

किलोमीटरांचा हिशेब

किमतीइतकीच फसगत अंतराच्या आकड्यात होते. ९.१ युनिटांच्या गाडीचे अंतर ५०१ किलोमीटर सांगण्यात आले होते. ९,१०० वॅट-तासांना ५०१ ने भागले की दर किलोमीटरला सुमारे अठरा वॅट-तास येतात. हा आकडा प्रमाणित चाचणीचा आहे. चाचणीत वेग मर्यादित असतो, चढउतार नसतात व बोजाही ठरलेला असतो. प्रत्यक्ष रस्त्यावर, चढणीला, डबलसीट, पन्नास-साठच्या वेगाने जाताना मोटारसायकलीस दर किलोमीटरला पंचवीस ते पस्तीस वॅट-तास लागणे ही सामान्य गोष्ट आहे. तीस धरले, तरी पाचशेचे तीनशे होतात.

तद्वतच अडीच युनिटांची गाडी कागदावर सव्वाशे-दीडशे किलोमीटर जात असली, तरी घाटरस्त्याच्या गावी सत्तर ते शंभर किलोमीटर धरूनच दिवसाची आखणी करावी. रोज चाळीस किलोमीटर जाऊन येणाऱ्या शिक्षकास ती पुरेशी आहे. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या पायलटास ती पुरणार नाही, आणि त्याने थोड्या पैशांच्या बचतीसाठी लहान बॅटरी घेणे हिताचे नाही.

सरकारी साहाय्य आणि कर

जाहीर किमतीत कित्येकदा केंद्र सरकारचे साहाय्य आधीच वजा केलेले असते. हे साहाय्य बदलले की कारखान्यात काहीही न बदलता किंमत बदलते. फेम योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून सुरू झाला. त्यात दुचाकीस बॅटरीच्या दर युनिटास दहा हजार रुपये मिळत, मात्र वाहनाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतच. जून २०२१ मध्ये हा दर पंधरा हजार व मर्यादा चाळीस टक्के करण्यात आली. १ जून २०२३ पासून पुन्हा दहा हजार व पंधरा टक्के झाली. एप्रिल २०२४ पासून युनिटास पाच हजार व वाहनास जास्तीत जास्त दहा हजार असा दर ठरला. पी.एम. ई-ड्राइव्ह ही योजना १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली तेव्हा तोच दर राहिला; एप्रिल २०२५ पासून तो निम्मा, म्हणजे युनिटास अडीच हजार व वाहनास अधिकात अधिक पाच हजार करण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये या योजनेची एकंदर मुदत २०२८ पर्यंत वाढविताना दुचाकींसाठी मात्र ३१ मार्च २०२६ हीच मुदत ठेवण्यात आली.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कारखान्यातील किंमत एक लाख व बॅटरी तीन युनिटांची, अशी एक गाडी घेऊ. तिला २०१९ साली वीस हजार, २०२१ साली चाळीस हजार, २०२३ साली पंधरा हजार, २०२४ साली दहा हजार आणि २०२५ साली पाच हजार रुपये साहाय्य मिळाले असते. जून २०२१ मध्ये रिव्होल्ट कंपनीच्या आर.व्ही. ४०० या मोटारसायकलीची किंमत सुमारे अठ्ठावीस हजारांनी उतरली, ती प्रामुख्याने या बदलामुळे. सरकारी साहाय्य हे नव्या उद्योगास उभे राहण्यापुरते असते. ते टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार, हे धरूनच पुढील किमतींचा अंदाज बांधावा लागतो.

करांचेही असेच आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत सत्तर हजार असलेली पेट्रोल मोटारसायकल त्यामुळे ८९,६०० ऐवजी ८२,६०० रुपयांस पडू लागली. विजेच्या गाडीस जी सवलत होती, तिचा लाभ तेवढ्या प्रमाणात घटला. विजेची गाडी बनविणाऱ्या कंपन्यांना यापुढे किंमत वाढविताना दहा वेळा विचार करावा लागेल, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

राज्या-राज्यांची धोरणे भिन्न असल्याने सीमाभागातील वाचकांना एकाच मॉडेलाच्या दोन किमती ऐकू येतात. कर्नाटकाने विद्युत वाहनांचे धोरण २०१७ साली, सर्व राज्यांच्या आधी केले. गुजरातच्या २०२१ च्या धोरणात दुचाकीस युनिटामागे दहा हजार, कमाल वीस हजार रुपये देण्याची तरतूद होती. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत रस्ता कर व नोंदणी शुल्क पूर्णतः माफ केले. महाराष्ट्राने २०२५ साली नवे धोरण स्वीकारून दुचाकीस किमतीच्या दहा टक्के, कमाल दहा हजार रुपये सवलत ठरविली. म्हणून बेळगाव व कोल्हापूर, किंवा हैदराबाद व सोलापूर येथील किंमती जशाच्या तशा ताडून पाहणे योग्य नाही. शेजारच्या राज्यात स्वस्त मिळते म्हणून तेथे नोंदणी करण्याचा मोहही टाळावा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्या वेळी तेथील कराचा प्रश्न उपस्थित होतो.

किंमती पुढे उतरतील की चढतील?

दोन्ही बाजूंनी ओढ आहे. उतरणीची कारणे प्रथम पाहू. बॅटरीचा जागतिक दर घसरत आहे. लोह-फॉस्फेट प्रकारचे घट निकेलयुक्त घटांपेक्षा स्वस्त व उष्णतेस अधिक टिकाऊ असल्याने त्यांचा वापर वाढत आहे. देशातच घट तयार व्हावेत म्हणून केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न योजना मंजूर केली. स्पर्धाही वाढत आहे. बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने एफ-७७ ही वेगवान मोटारसायकल नोव्हेंबर २०२२ मध्ये ३ लाख ८० हजारांस विक्रीस काढली. एप्रिल २०२४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती २ लाख ९९ हजारांपासून मिळू लागली. दीड वर्षात ऐंशी हजारांची ही घट अनुदानाविना झालेली आहे, कारण इतक्या किमतीच्या गाड्या साहाय्याच्या मर्यादेबाहेर होत्या. रिव्होल्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये आर.व्ही. १ ही साधी मोटारसायकल ८४,९९० रुपयांस आणली.

आता चढणीची कारणे. बॅटरीचे घट अजून मोठ्या प्रमाणावर आयात होतात; रुपया घसरला की ते महागतात. मोटारीतील शक्तिमान चुंबकांना लागणारी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये बहुतांशी चीनमध्ये शुद्ध होतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घालताच आपल्याकडील विद्युत वाहनांच्या उत्पादनास त्याची झळ पोचली. २०२२ साली काही विद्युत दुचाकींना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची ए.आय.एस. १५६ ही मानके डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आली. त्यामुळे खर्च वाढला, परंतु तो खर्च माणसांच्या जिवासाठी आहे. त्यात काटकसर इष्ट नाही. आणि साहाय्य आटत चालले आहे, हे वर आलेच आहे.

एकंदरीत पाहता, सामान्य माणसाच्या उपयोगाची तीन युनिटांच्या आसपासची मोटारसायकल एक लाखाच्या अलीकडे-पलीकडे राहील, दर वर्षी त्याच किमतीत थोडी अधिक बॅटरी व थोडी अधिक टिकाऊ रचना मिळत जाईल, असे अनुमान करणे सयुक्तिक ठरेल. किंमत एकाएकी निम्मी होईल अशी अपेक्षा बाळगण्यास आधार दिसत नाही.

थांबावे की घ्यावे?

याचे उत्तर किंमतपत्रकापेक्षा आपल्या रोजच्या किलोमीटरांत आहे. पेट्रोल लिटरला शंभर रुपये व गाडी लिटरमागे पन्नास किलोमीटर धरली, तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. विजेच्या गाडीस चार्जिंगमधील घट धरून किलोमीटरला चाळीस वॅट-तास व वीज युनिटला आठ रुपये मानली, तर सुमारे बत्तीस पैसे पडतात. बॅटरी कधीतरी बदलावी लागेल. तीस हजारांची बॅटरी साठ हजार किलोमीटर चालेल असे धरून आणखी पन्नास पैसे जमेस धरू. तरीही किलोमीटरला जवळजवळ एक रुपया वीस पैसे वाचतात.

महिन्यास हजार किलोमीटर फिरणाऱ्याची ही बचत बाराशे रुपये, वर्षास चौदा हजार चारशे रुपये होते. पुढील वर्षी दहा हजारांनी स्वस्त मॉडेल येणार म्हणून तो थांबला, तर दहा हजार वाचविण्यासाठी त्याने चौदा हजार पेट्रोलवर घालविले, असा अर्थ होतो. त्याच्या कामास पुरेशी गाडी आज बाजारात व जवळपास दुरुस्तीची सोय असेल, तर भाकितांच्या मागे लागण्यात त्याचे हित नाही. महिन्यास तीनशे किलोमीटर जाणाऱ्याची बचत मात्र वर्षाला चार हजारांच्या आसपासच भरते. त्याने जुनी गाडी चालते तोवर चालवावी व नवे मॉडेल लोकांच्या हाती वर्षभर फिरल्यानंतर निर्णय घ्यावा. कर्ज काढून घेणाऱ्याने आपल्या हिशेबात व्याजही मिळवावे.

आगाऊ नोंदणीपूर्वी

नव्या वाहनाच्या जन्मास पाच पायऱ्या असतात : नमुन्याचे दर्शन, किमतीची घोषणा, मान्यताचाचणी, कारखान्यातील नियमित उत्पादन आणि ग्राहकास वाहन मिळणे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ अन्वये पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या अधिकृत संस्थेकडून मान्यता मिळाल्याखेरीज कोणतेही मॉडेल विकता येत नाही. मॉडेल कोणत्या पायरीवर आहे, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. पहिल्या दोन पायऱ्यांवरील गाडीसाठी मोठी रक्कम गुंतवू नये.

नोंदणीची रक्कम भरताना पावती घ्यावी. ती परत मिळण्याच्या अटी, तसेच घोषित किंमत वाहन मिळेपर्यंत कायम राहील की नाही, हे लेखी असावे. किंमत विचारताना नोंदणी, विमा, चार्जर व इतर आकार धरून रस्त्यावर येईपर्यंतचा एकूण आकडा विचारावा. बॅटरीची हमी किती वर्षे व किती किलोमीटर आहे आणि क्षमता किती टक्क्यांपर्यंत उतरल्यास बॅटरी बदलून मिळेल, याची विचारणा अवश्य करावी. सर्वांत जवळचे दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे हे स्वतः जाऊन पाहावे. पाऊण लाखाची गाडी ऐंशी किलोमीटर दूर दुरुस्तीस पडून राहिली, तर ती स्वस्त म्हणता येणार नाही. घरी चार्जिंगसाठी लागणारा भार विजेच्या इस्त्रीएवढा असला, तरी तो चार-चार तास सलग असतो. यास्तव अर्थिंग केलेला स्वतंत्र प्लग परवानाधारक तारतंत्रीकडून बसवून घ्यावा. सरकारी साहाय्य व कर यांचा त्या दिवशीचा नियम परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते.

शाळांतील शिक्षकांनी वरील भागाकार व गुणाकार वरच्या वर्गांतील मुलांकडून करवून घेतल्यास अंकगणिताचा सरावही होईल आणि कित्येक घरांत खरेदीपूर्वी हिशेब मांडला जाईल. विजेवरील वाहन ही देशाच्या व कुटुंबाच्या दृष्टीने स्वागतार्ह गोष्ट आहे. ते घेताना ग्राहकाने जाहिरातीतील आकडा आणि आपल्या वापराचा आकडा शेजारी-शेजारी लिहून पाहावेत व मगच पैसे मोजावेत.